फाटकाआडची खिडकी : मरोळमधल्या मेसेंजरबंदीचा इतिहास

१

मरोळला सीप्झच्या कुंपणाच्या आत एका पोर्तुगीजकालीन चर्चचे भग्नावशेष आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या नावाचे हे चर्च जेझुइटांनी १५७९ साली बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे वस्ती हलली आणि चर्च ओस पडले. १९७३ साली या परिसरात 'सान्ताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन' उभा राहिला, तेव्हा चर्च कुंपणाच्या आत गेले आणि ज्यांच्या पूर्वजांनी तिथे प्रार्थना केल्या होत्या ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक बाहेर राहिले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्यांना आत सोडण्याचा प्रघात पडला. एरवी फाटकावर पास दाखवल्याखेरीज प्रवेश नाही.

संगणकावरच्या गप्पांविषयीच्या लेखाचा आरंभ चर्चच्या भिंतींपासून व्हावा याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु आत काय यावे आणि बाहेर काय जावे हे फाटकावर ठरते, ही या परिसराची रीत संगणकाहून जुनी आहे. १९९८ ते २०१० या काळात मरोळ, चकाला, सीप्झ इथल्या अनेक कचेऱ्यांत याहू मेसेंजर, एमएसएन, जीटॉक यांच्यावर बंदी असे, आणि ती चुकवून लोक बोलतही असत. त्या चोरट्या बोलण्याचा इतिहास हा या फाटकाच्याच इतिहासातला एक अध्याय आहे.

आज त्या बंदीची आठवण बहुधा थट्टेने निघते. अमुक साइट कशी बंद होती, आणि तमुकाने ती कशी उघडली, असे किस्से सांगितले जातात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. ती बंदी जाचक होती आणि तिच्या समर्थनार्थ दिली जाणारी कारणे पुरती खरी नव्हती. तथापि तिने कामाची जागा आणि कामगाराचे खासगी आयुष्य यांच्यामध्ये एक रेघ आखली होती. ती रेघ पुढे पुसली गेली ती कामगारांनी काही जिंकले म्हणून नव्हे; आणि म्हणूनच ती पुसल्यावर कोण कोणाच्या हद्दीत शिरले, हे तपासणे अगत्याचे आहे.

२

निर्यात प्रक्रिया क्षेत्र ही मुळातच चमत्कारिक कल्पना. जमीन भारताची, पण जकातीच्या हिशेबात ती जणू परदेश. १९६५ साली कांडल्याला असे पहिले क्षेत्र झाले. तिथे येणारा कच्चा माल जकातमाफ असल्याने तो गुपचूप शहरात उतरता कामा नये, म्हणून सभोवार कुंपण आणि फाटकावर कस्टम्सचा पहारा. सीप्झचा आरंभ इलेक्ट्रॉनिक्सने झाला. ऐंशीच्या दशकात तिथे जडजवाहिराचे कारखाने आले, आणि सोन्याहिऱ्यांच्या कामात बाहेर पडताना झडती हा रोजचा परिपाठ झाला. १ नोव्हेंबर २००० पासून सीप्झ 'विशेष आर्थिक क्षेत्र' झाले. नाव बदलले, फाटक राहिले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टाटा बरोजसारखी कंपनी याच आवारात सॉफ्टवेअरचे काम करू लागली. त्या काळी सॉफ्टवेअरची निर्यात म्हणजे चुंबकीय फितींची निर्यात. फीत ही वस्तू होती. ती हातात घेता येई, तिच्यावर शिक्का मारता येई. पुढे उपग्रहाच्या दुव्याने माल थेट परदेशी पाठवण्याची सोय झाली. बंगळुरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली आपले केंद्र काढून ही वाट पाडली. माल तारेतून जाऊ लागला आणि फाटकावरच्या शिपायाच्या हाती तपासायला काही उरले नाही.

त्याची जागा ज्या यंत्रणेने घेतली तिला फायरवॉल आणि प्रॉक्सी म्हणतात. तिचे काम समजून घेण्याजोगे आहे. कर्मचाऱ्याचा संगणक बाहेरच्या जगाशी थेट बोलत नाही. तो आपली मागणी प्रॉक्सीकडे देतो. प्रॉक्सी आपल्याजवळची यादी पाहतो, मागणी मान्य असेल तर स्वतः बाहेर जाऊन पान आणून देतो, नसेल तर नकाराचे पान दाखवतो. कोणी, किती वाजता, काय मागितले, याची नोंदही तो करून ठेवू शकतो. म्हणजे पहारेकरी आणि हजेरीबुकवाला कारकून, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे आली. गिरणीच्या फाटकावर ही दोन माणसे निराळी होती.

३

सहकाऱ्याला कामाच्या यंत्रावरून खासगी निरोप धाडणे ही गोष्ट याहूने शोधलेली नाही. ओळ मोकळी असली की तारमास्तर आपसांत गप्पा मारत, हे तारायंत्राच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये 'टॉक' नावाची सोय होती. तिच्यात पडदा आडवा दुभंगे, आणि समोरचा माणूस अक्षर अक्षर टंकताना, खोडतानाही दिसे. विंडोज एनटीवर 'नेट सेंड' ही आज्ञा होती. आज्ञेपुढे संगणकाचे नाव आणि निरोप लिहिला की समोरच्याच्या पडद्यावर मधोमध एक करडी चौकट उमटे. सर्व्हर थोड्या वेळात बंद होणार आहे, असल्या सूचनांसाठी तिचा उपयोग अपेक्षित होता. लोकांनी तिच्यावरून चहाची वेळ ठरवली. तिला इंटरनेट लागत नसल्याने प्रॉक्सीचा प्रश्नच नव्हता. मात्र नावाच्या जागी तारांकन पडले तर तो निरोप सबंध डोमेनमधल्या पडद्यांवर झळके. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ही सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा १९९८ च्या अखेरीस मिळाली. याच सुमारास मेसेंजर आले. मिराबिलिस या इस्रायली कंपनीचा आयसीक्यू नोव्हेंबर १९९६ चा, एओएलचा मेसेंजर १९९७ चा, याहूचा 'पेजर' मार्च १९९८ चा (तो पुढे मेसेंजर झाला), एमएसएनचा जुलै १९९९ चा. घरी फोनच्या तारेवरून मिनिटे मोजत जोडणी करावी लागे; कचेरीत मात्र ती दिवसभर चालू. साहजिकच घरी संगणक नसलेल्या पुष्कळ तरुण मराठी माणसांची इंटरनेटशी पहिली सलग ओळख मालकाच्या तारेवर झाली.

मेसेंजरने आणलेली खरी नवी गोष्ट निरोप ही नव्हती, कारण ईमेल आधीच होती. नवी गोष्ट होती ती नावांची यादी आणि त्या नावांपुढचा दिवा. अमुक माणूस या क्षणी आपल्या जागी आहे, हे त्याला न विचारता कळू लागले. हजेरी ही तोवर मालकाने घ्यायची बाब होती. मस्टर त्याचे, पंचिंगचे यंत्र त्याचे. मेसेंजरने कामगारांना एकमेकांची हजेरी घेण्याचे साधन दिले. शिवाय 'इनव्हिजिबल' होऊन स्वतः हजर असताना गैरहजर दिसण्याची मुभाही दिली. कोणत्याही मस्टरमध्ये ही सोय नव्हती.

मग बंदी आली, आणि बंदीमागोमाग पळवाट. याहूचा निरोप ५०५० क्रमांकाच्या पोर्टवरून जाई, एमएसएनचा १८६३ वरून, एओएलचा ५१९० वरून. नेटवर्क सांभाळणाऱ्याने ही दारे लावली, तर यांतले काही मेसेंजर आपोआप ८० क्रमांकाच्या दाराशी जात. ते दार वेब पानांचे. ते लावले तर कंपनीचे कामच अडेल. मग नावांवरून अडवणूक सुरू झाली. वेबसेन्ससारख्या उत्पादनांनी साइटींची वर्गवारी करून विकली आणि 'चॅट' हा निषिद्ध वर्ग ठरला. त्यावर लोकांनी मधल्या प्रॉक्सी साइटी शोधल्या. सप्टेंबर २००५ मध्ये मीबो आले. त्यात संगणकावर काही बसवावे न लागता वेब पानातच सगळे मेसेंजर उघडत. फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने जीमेलच्या पानातच चॅट घातले, आणि ईमेल चालू ठेवून गप्पा बंद करणे अवघड झाले. त्यावरही तोड निघाली. जीमेलमधल्या गप्पांसाठी जो निराळा पत्ता वापरला जाई, तेवढाच अडवायचा. पान उघडे, खिडकी बंद.

४

बंदीची कारणे कोणती दिली जात? पहिले कारण बँडविड्थचे. लीज्ड लाइन महाग होती, हे खरेच. पण मेसेंजरची अक्षरे त्या मानाने नगण्य होती, भार पडे तो गाणी आणि चित्रफितींचा. दुसरे कारण विषाणूंचे, आणि ते पोकळ नव्हते. एप्रिल २००५ मध्ये 'केल्व्हिर' नावाच्या किड्यामुळे रॉयटर्ससारख्या वृत्तसंस्थेला आपली अंतर्गत मेसेंजर सेवाच काही काळ बंद ठेवावी लागली होती.

तिसरे कारण गोपनीयतेचे, आणि परदेशी ग्राहकांशी केलेल्या करारांमुळे त्याला सर्वांत अधिक वजन होते. अमेरिकेत डिसेंबर २००२ मध्ये पाच दलाली पेढ्यांना ईमेल जपून न ठेवल्याबद्दल एकूण साडेब्याऐंशी लाख डॉलरचा दंड झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या नियामकांनी मेसेंजरवरचे बोलणेही तसेच जपले पाहिजे हे स्पष्ट केले. जे जपणे भाग आहे ते जपण्यापेक्षा बंद करणे स्वस्त. न्यूयॉर्कमधला नियम अशा रीतीने त्या पेढ्यांची कामे करणाऱ्या भारतीय कचेऱ्यांत 'अ‍ॅक्सेस डिनाइड' होऊन उतरला.

एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एक प्रकरण उघडकीस आले. एम्फसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकन सिटीबँकेच्या ग्राहकांचे पिन क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. त्यानंतर या व्यवसायात सर्वत्र पहारा कडक झाला. फोन लॉकरमध्ये ठेवणे, टेबलावर कागद-पेन्सिल न ठेवणे हे नियम ठिकठिकाणी आले. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते पिन मेसेंजरवरून गळाले नव्हते. ते ग्राहकांनी फोनवर, विश्वासाने सांगितले होते. ज्या दाराने चोरी झाली ते दार कामाचेच होते, आणि ते लावता येण्यासारखे नव्हते. म्हणून जी लावता येत होती ती लावली गेली.

उरले चौथे कारण, वेळेचे. ई. पी. टॉमसन यांनी १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की, कारखान्याने माणसाला काम शिकवण्याआधी घड्याळ शिकवले. वेळ ही घालवण्याची चीज न राहता खर्चण्याची झाली, आणि खर्चणारा मालक ठरला. मेसेंजरवर गेलेली दहा मिनिटे मालकाच्या खिशातून गेली, हा हिशेब त्याच परंपरेतला. परंतु लँकेशरच्या कापडगिरण्यांत मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, तेव्हा विणकर स्त्रिया तोंडाच्या मोठ्या हालचाली करून, एकमेकींचे ओठ वाचून बोलत. त्या बोलीला 'मी-मॉइंग' असे नावच पडले होते. हात मागावर चालू असत आणि गप्पाही. काम करणारी माणसे एकत्र आली की ती बोलतात. आवाजाने किंवा नियमाने तोंड बंद केले तर दुसरे साधन शोधतात.

५

काय बोलत असत ही माणसे? भाषेच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येणार नाही. बहुतेक बोलणे 'जेवलास का', 'निघालीस का', 'साहेब आले का' या जातीचे होते. मालिनोव्हस्कीने १९२३ मध्ये अशा बोलण्याला निराळे नाव देऊन त्याचे महत्त्व सांगितले. त्यात माहिती नसते, संबंध असतो. पुरवठ्याच्या हिशेबात ते निरर्थक, आणि म्हणूनच प्रॉक्सीच्या यादीत त्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट लिपीची. मराठीत पत्र होते, चिठ्ठी होती, तार होती. पण बोलण्याच्या वेगाने, उत्तराची वाट पाहत, ओळ-दोन ओळींत लिहिण्याचा सराव मराठी माणसाला मोठ्या प्रमाणावर प्रथम या खिडक्यांत झाला, आणि तो रोमन लिपीत झाला. याचे खापर नेहमी इंग्रजी माध्यमावर आणि आळसावर फोडले जाते. कचेरीच्या नेटवर्कचा वाटा कोणी सांगत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० पासून यंत्रातही होती. पण एक्सपीवर ती चालू करण्यासाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या फाइली बसवाव्या लागत, आणि त्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत. कर्मचाऱ्याला ते नसत. मेसेंजर बसवू न देणाऱ्या कुलपातच देवनागरीही बंद होती. रोमन मराठीचे हे एकमेव कारण नव्हे. पण जी सवय पुढे मोबाइलवर गेली, तिची पहिली काही वर्षे या कुलपाआड गेली आहेत.

या लिखाणाचे आज काय उरले आहे? जवळजवळ काही नाही. साहेबाची चाहूल लागताच खिडकी मिटायची, हा शिरस्ता होता. जीमेलमधले काही चॅट राहिले असतील. पण मीबो २०१२ मध्ये, एमएसएन २०१३ मध्ये, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी आणि आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाला. गिरणी कामगाराचे अर्ज, पत्रके, लावण्या आणि पोवाडे अभ्यासकाला मिळतात. मरोळच्या संगणक कामगाराच्या बोलण्याची नोंद राहिली असेलच तर ती अडवणाऱ्या यंत्रणेच्या लॉगमध्ये, तीही शब्दांची नव्हे, केवळ वेळेची आणि पत्त्याची.

६

बंदी उठली कशी? ती उठवली गेली नाही, निरर्थक झाली. व्हॉट्सअ‍ॅप २००९ चे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःची तार आली. त्या तारेवर कंपनीच्या प्रॉक्सीची हुकमत नव्हती. कित्येक वर्षांचा झगडा असा एकाएकी संपल्यासारखा दिसला.

परंतु त्याच सुमारास दुसरी हालचाल चालू होती. २०१३ मध्ये स्लॅक आले, २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे टीम्स. ज्या वस्तूवर बंदी होती तीच आता कामाचे अधिकृत साधन झाली. नावांची यादी तीच, दिवाही तोच. मात्र पाहणारा बदलला. काही मिनिटे कळफलकाला हात लागला नाही की दिवा पिवळा होतो, आणि ते वरिष्ठांना दिसते. कामगारांनी एकमेकांसाठी वापरलेली हजेरी पुन्हा मस्टर झाली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण केल्यावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. पूर्वी लोक युक्त्या योजत त्या बोलण्यासाठी. आता योजतात त्या हजर दिसण्यासाठी.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत कचेरी घरी आली. सीप्झसारख्या क्षेत्रांच्या बाबतीत याला कायदेशीर रूपही मिळाले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमावलीत ४३ अ हा नियम घालून तिथल्या कर्मचाऱ्यांना ठरावीक मर्यादेत घरून काम करण्याची रीतसर परवानगी देण्यात आली. जकातीच्या हिशेबात परदेश असलेली ती जागा आता कर्मचाऱ्याच्या घराच्या एका कोपऱ्यापर्यंत पोहोचू शकत होती. या सोयीने लोकलचा जीवघेणा प्रवास वाचला, हे मान्यच केले पाहिजे. पण चर्चच्या बाबतीत जे १९७३ मध्ये घडले त्याचे हे उलटे टोक होते. तेव्हा कुंपणाने गावाचा तुकडा आत घेतला; आता कुंपणच घरात आले.

फाटक दोन्ही बाजूंनी लागते, ही साधी गोष्ट बंदीच्या काळात आपल्या ध्यानात आली नाही. संध्याकाळी सात वाजता सीप्झच्या फाटकातून बाहेर पडलेल्या माणसाला साहेब निरोप धाडू शकत नसे, निदान सहजी नाही. त्याचा लॉगिन आत राहिलेला असे. मेसेंजर अडवणाऱ्या नियमानेच नकळत त्याची संध्याकाळ राखली होती. रात्री अकराला येणारा कामाच्या गटावरचा निरोप, आणि तो वाचल्याची निळी खूण उमटल्यावर उत्तर देण्याची सक्ती, हे फाटक गेल्यानंतरचे आहे.

७

मुंबईच्या कामगाराने अशी रेघ मागून घेतल्याचा एक जुना दाखला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' स्थापन केली आणि गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारनियुक्त आयोगापुढे ठेवला. त्यातली एक मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. ती रेघ मालकाने आपल्या सोयीसाठी आखली नव्हती. कामगारांनी आखून घेतली होती, म्हणून ती टिकली.

डिसेंबर २०१८ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टु डिस्कनेक्ट'चे खासगी विधेयक मांडले. कामाच्या वेळेनंतर आलेल्या फोनला किंवा निरोपाला उत्तर न देण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असावा, आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये, हा त्याचा गाभा. फ्रान्समध्ये अशी तरतूद १ जानेवारी २०१७ पासून अमलात आली होती. १९७० नंतर आपल्या संसदेने एकही खासगी विधेयक संमत केलेले नाही, तेव्हा याचे काय झाले ते सांगायला नको. पण लोखंड्यांचा अर्जही पहिल्या फेरीत मान्य झाला नव्हता.

मरोळच्या कचेऱ्यांतल्या त्या चोरट्या खिडक्यांची आठवण काढायची ती गतकाळाच्या गोडव्यापोटी नव्हे. तिथे दोन मागण्या एकमेकींत मिसळल्या होत्या. कामाच्या वेळेत माणसासारखे दोन शब्द बोलता यावेत ही एक, आणि कामाची वेळ कुठेतरी संपावी ही दुसरी. पहिली मागणी यंत्रांनी, कोणाचीही परवानगी न घेता, पुरी करून टाकली. दुसरीसाठी अजून कोणी सह्या गोळा केलेल्या नाहीत.